फोनमध्ये लागते, टेपात लागत नाही: मेमरी कार्डाच्या नेहमीच्या तक्रारीवर इलाज

उसाचा हंगाम लागला की आमच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली असते. निपाणी-चिकोडीकडचा ट्रॅक्टरवाला येतो आणि नखाएवढी चिप पुढे करतो. "अण्णा, नवी घेतली, चौसष्टची. फोनमध्ये गाणी झकास वाजतात, ट्रॅक्टरच्या टेपात घातली की काहीच दाखवेना झालंय." आषाढीआधी हेच गाऱ्हाणं दिंडीच्या स्पीकरचं असतं आणि लग्नसराईत शूटिंगवाल्यांचं. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून येणाऱ्या कार्डांची कथा थोडी निराळी. एक उपाय मात्र सगळ्यांनी आधीच करून पाहिलेला असतो, तो म्हणजे फॉरमॅट मारणे. कधी त्याने भागतं, बऱ्याचदा चार दिवसांत तेच कार्ड परत टेबलावर.

बहुतेक वेळा कार्ड मेलेलं नसतं. कार्ड आणि ते ज्यात घालायचं ती वस्तू यांचं कुठल्या तरी एका बाबतीत जुळत नसतं. बाबी तीन आहेत: कार्डाचा आकार, क्षमतेची जात, आणि आत फाइली मांडायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टीम. आकार डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तिथे सहसा कुणी फसत नाही. बाकीच्या दोन दिसत नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर आधी नाही म्हणा

कार्डात लग्नाचे फोटो असतील, बारशाचं शूटिंग असेल, तर स्क्रीनवर फॉरमॅटची पाटी आली की बोट आवरा. ती पाटी 'कार्ड खराब आहे' असं सांगत नाही. 'आत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही' एवढाच तिचा अर्थ. वाचता न येण्याचं कारण कॉम्प्युटर जुना असणं हेही असू शकतं, कार्ड रीडर सैल असणं हेही, आणि लिहिणं चालू असताना कुणीतरी कार्ड उपसून काढलं हेही.

पहिल्यांदा रीडर बदला. शंभर रुपयांचा रीडर हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खोटारडा आहे. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, आणि ज्या कॅमेऱ्यात फोटो काढले त्यात कार्ड घालून केबलने जोडून बघा. कॅमेऱ्यात फोटो दिसत असतील तर तिथूनच कॉपी करून घ्या आणि बाकीची चिकित्सा नंतर करा.

कुठेच दिसत नसतील तर फोटोरेक नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. तो फाइलींची यादी बघत बसत नाही, कार्डातला मजकूर सरळ चाळून फोटो आणि व्हिडिओ ओळखून काढतो. फाइलींची मूळ नावं जातात, पण फोटो हाती लागतात. सापडलेला माल त्याच कार्डावर उतरवायचा नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्यायचा. कार्ड मधेच अडकत असेल, गरम होत असेल, तर आधी त्याची पूर्ण नक्कल म्हणजे इमेज काढून घ्या आणि शोधाशोध त्या नकलेवर करा. विंडोजची चेकडिस्क या सगळ्यानंतर. ती यादी नीट करण्याच्या नादात तुटक्या तुकड्यांना 'सीएचके' अशा नावाच्या फाइली बनवून ठेवते आणि नंतरचं काम दुप्पट होतं.

चुकून फॉरमॅट झालंच असेल तरी धीर सोडू नका. कॉम्प्युटरवरच्या झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, माल जागेवरच असतो. त्यावर एकही नवा फोटो काढू नका. काही फोन आणि कॅमेरे मात्र फॉरमॅट करताना आतली जागा खरोखर कोरी करायला कार्डाला सांगतात, आणि तिथे कुणाचंच काही चालत नाही.

कार्डावर छापलेली अक्षरं

कार्ड उजेडात धरा आणि क्षमतेच्या आकड्याजवळ काय छापलंय ते वाचा. नुसतं एसडी असेल तर ते २ जीबीपर्यंतचं, जुन्या जातीचं. शेजारी एचसी असेल तर २ च्या वर ते ३२ जीबी. एक्ससी असेल तर ३२ च्या वर ते २ टीबी. यूसी ही २०१८ मध्ये जाहीर झालेली सगळ्यात वरची जात १२८ टीबीपर्यंत जाते, पण तिची काळजी आपल्याला सध्या करायची नाही.

हे कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिकवाली मात्सुशिता आणि तोशिबा या तिघांनी मिळून आणलं. एचसी २००६ मध्ये आली, एक्ससी २००९ मध्ये. ही सालं लक्षात ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे. वस्तू ज्या काळातली, त्यानंतर जन्मलेली जात तिला ओळखीची नसते. नवीन वस्तूत जुनं कार्ड चालतं, जुन्या वस्तूत नवं चालेलच असं नाही.

कारणही सांगतो, कारण "दोन्ही दिसायला सारखीच आहेत की" हा प्रश्न रोज येतो. जुन्या जातीत कार्डातल्या जागेचा पत्ता बाइटच्या हिशोबाने दिला जायचा. ३२ बिटांच्या पत्त्यात असे ४ जीबीच बाइट मोजता येतात. म्हणून एचसीपासून एक एक बाइट न मोजता ५१२ बाइटांचा एक ठोकळा मोजायला सुरुवात झाली. जुन्या कॅमेऱ्याला हा नवा हिशोब माहीतच नसतो. २००४-०५ च्या कॅमेऱ्यात ८ जीबीचं कार्ड लागत नसेल तर फॉरमॅट मारून काही उपयोग नाही. २ जीबीचं जुनं कार्ड शोधा, दुसरा मार्ग नाही.

एचसी आणि एक्ससी यांच्यातलं अंतर तेवढं खोल नाही. तिथे मुख्य फरक फाइल सिस्टीमचा. एचसी कारखान्यातून फॅट३२ घेऊन येतं, एक्ससी एक्सफॅट. ट्रॅक्टरवाल्याच्या चौसष्टच्या चिपचं दुखणं इथे सापडतं.

आणि स्पीकरच्या खाचेवर 'टीएफ' लिहिलेलं बघून "आमच्याकडे टीएफ कार्ड नाही" म्हणून परत जाऊ नका. छोटं कार्ड २००४ मध्ये ट्रान्सफ्लॅश नावाने आलं, २००५ मध्ये त्याचंच मायक्रो एसडी झालं. १५ बाय ११ मिलिमीटरची चिप तीच.

टेप, स्पीकर आणि बटणांचा फोन

स्वस्तातल्या टेपात, ब्लूटूथ स्पीकरमध्ये, बटणांच्या फोनमध्ये जो गाणी वाचणारा भाग असतो, त्याला बहुधा फॅट३२ एवढंच कळतं. फोनला दोन्ही कळतात. म्हणून चौसष्टची चिप फोनमध्ये वाजते आणि टेपात मुकी होते.

मग गिऱ्हाईक काय करतं? टेपात चालेना म्हणून चिप फोनमध्ये घालून फॉरमॅट मारतं. फोन तिला बहुधा पुन्हा एक्सफॅटच करतो. परत गाणी भरली, परत टेपात मुकी. विंडोजवर केलं तरी हाच प्रकार, कारण ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला तिथली फॉरमॅटची नेहमीची खिडकी फॅट३२ चा पर्याय आजवर देत आलेली नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस, एवढेच दोन. त्यात कुणी एनटीएफएस निवडलं की बरेच फोनही हात वर करतात. ही तक्रार परत परत येते ती यामुळे.

इलाज दोन. सोपा इलाज असा की गाण्यांसाठी ३२ जीबीचं एचसी कार्डच घ्यावं. एक गाणं ५ एमबीचं धरलं तर त्यात सहा हजारांच्या आसपास गाणी मावतात. गाळपाचा पूर्ण हंगाम वाजवली तरी निम्मी ऐकायची राहतील.

दुसरा इलाज, हातात असलेलं चौसष्टचं कार्ड फॅट३२ करणे. आतलं सगळं आधी कॉपी करून घ्या. कॉम्प्युटरवर रुफस नावाचा छोटा प्रोग्राम उघडा, त्यात कार्ड निवडा, 'नॉन बूटेबल' ठेवा, फाइल सिस्टीममध्ये 'लार्ज फॅट३२' घ्या आणि सुरू करा. निवडलेला ड्राइव्ह आपलं कार्डच आहे ना हे क्षमतेच्या आकड्यावरून दोनदा बघा. शेजारी लावलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क निवडली गेली तर ती कोरी होईल. एवढं केलं की बऱ्याच टेपांना चौसष्टची चिप दिसू लागते. तरीही दिसली नाही तर त्या टेपाची मर्यादाच ३२ ची आहे असं समजा आणि भांडत बसू नका.

फॅट३२ चा एक काच आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत असावी लागते. गाण्यांना याने काही फरक पडत नाही. मात्र कार्डात २० जीबी मोकळे दिसत असताना सिनेमाची मोठी फाइल 'जागा पुरत नाही' किंवा 'फाइल फार मोठी' म्हणून अडली तर कारण हेच.

ओघात आलं म्हणून सांगतो. "३२ चं घेतलं, २९ च दाखवतं, दुकानदाराने फसवलं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हिशोब मांडतो. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. ३२०० कोटीला त्याने भागलं की २९.८ येतात. एक बाइटही कुणी खाल्लेला नाही.

गाणी वाजतात, पण उलटसुलट

ही तक्रार दिंडीवाल्यांची. काकड्यानंतर हरिपाठ लागायला हवा तर मधेच भारूड लागतं. फाइलींना ०१, ०२ असे नंबर दिलेले असतात, फोनमध्ये क्रम बरोबर दिसतो आणि स्पीकर मात्र आपल्याच मनाचा.

बरेच स्वस्त स्पीकर नाव वाचून क्रम लावत नाहीत. कार्डाच्या यादीत फाइली ज्या ओळीने नोंदल्या गेल्या त्या ओळीने ते वाजवतात. म्हणून मधलं एक गाणं काढून दुसरं घातलं की त्या मोकळ्या जागी भलतंच येऊन बसतं. कार्ड पूर्ण रिकामं करा, फॉरमॅट मारा आणि नंबराप्रमाणे एकेक फाइल ओळीने कॉपी करा. घाई असेल तर निदान एकेक फोल्डर करून क्रमाने घाला. मग शेवटपर्यंत त्या कार्डाला हात लावू नका. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्राम आहे, तो यादीच नावाप्रमाणे लावून देतो.

काही गाणी वाजतच नाहीत, त्याला कारण वेगळं. डाउनलोड केलेली गाणी पुष्कळदा एमपी३ नसतात, एम४ए किंवा ओपस असतात. फाइलीचं शेपूट बदलून एमपी३ लिहिलं म्हणून आतलं गाणं बदलत नाही, ते कन्व्हर्टच करावं लागतं. टेपाच्या छोट्या पडद्यावर नावाऐवजी चौकोन दिसत असतील तर घाबरू नका. त्या पडद्यांना देवनागरी येत नाही आणि कानडीही येत नाही. आपल्या भागात निम्मी गाणी या लिपीत, निम्मी त्या लिपीत. इंग्रजी अक्षरांत नावं दिली की काम झालं.

शूटिंगवाल्यांसाठी

इथे आकड्यांकडे नीट बघावं लागतं. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला १०० किंवा १७० एमबीचा आकडा हा बहुधा वाचण्याचा वेग असतो, तोही 'इथपर्यंत' या अर्थाने. रेकॉर्डिंगला लागतो तो सलग लिहिण्याचा किमान वेग, आणि तो बारीक खुणांमध्ये लपलेला असतो. गोलातला १० (क्लास १०) किंवा यू मधला १ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. यू मधला ३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबी. व्ही६० आणि व्ही९० त्याच्या वरचे. १०० मेगाबिटने फोर-के शूट करणारा कॅमेरा सेकंदाला साडेबारा एमबी ओततो, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. क्लास १० चं कार्ड तिथे कमी पडतं आणि अक्षता पडत असतानाच कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवतो. कॅमेऱ्यात काही दोष नसतो. ए१, ए२ या खुणा फोनमध्ये ॲप चालवण्यासाठीच्या आहेत, शूटिंगवाल्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

कार्ड नेहमी ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फोटो निवडून डिलीट करणं आणि तेच कार्ड परत कॅमेऱ्यात घालणं ही सवय वाईट. दोन कॅमेऱ्यांत एकच कार्ड फिरवणं त्याहून वाईट.

फॅट३२ वर चालणारे कॅमेरे लांब शॉटचे ४ जीबीच्या आतले तुकडे करतात. मिक्सिंगला बसणाऱ्याने ते बिघाड समजून टाकून देऊ नयेत, ओळीने जोडले की बहुतेक कॅमेऱ्यांत धागा तुटत नाही.

आमच्या बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. अशा कामाला २५६ चं एकच कार्ड घालण्यापेक्षा ६४ ची चार घेऊन अदलाबदल करावी असं माझं मत. एक गेलं तर पाव रात्र जाईल, सगळी नाही.

जुन्या स्टुडिओतून अजूनही वेगळ्या आकाराची कार्डं येतात. रुंद आणि जाड ते कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९४ चं. ते तिरकं दाबून बसवू नका, कॅमेऱ्याच्या आत ५० बारीक पिना असतात आणि एक वाकली की कॅमेरा उघडावा लागतो. लांबट पट्टी ती सोनीची मेमरी स्टिक, १९९८ ची. २०१० पासून सोनीनेही एसडी घ्यायला सुरुवात केली. ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं एक्सडी २००२ मध्ये आलं आणि मागे पडलं. यांना एसडीच्या खाचेत बसवणारा अडॅप्टर शोधत बाजार पालथा घालू नका, बहुरूपी रीडर घ्या, माल उतरवा आणि कार्ड कपाटात ठेवा.

लॉक, अडॅप्टर आणि ओल

'कार्ड लॉक आहे' असं येत असेल तर मोठ्या कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या डाव्या कडेची सरकती कळ बघा. ती कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. ती कुठे आहे हे रीडरच्या खाचेतली एक छोटी पट्टी चाचपते, बास. कळ झिजून सैल झाली की घालताना आपोआप खाली सरकते आणि मग कार्ड लॉक दिसतं. अडॅप्टर बदला, वीस-तीस रुपयांचं काम. मूळ मोठ्या कार्डाचीच कळ तुटली असेल तर त्या खोबणीवर पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून काम भागतं.

कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात पावसाळ्यात हवाच ओली असते. संपर्कपट्ट्यांवर काळसर थर येतो आणि कार्ड कधी दिसतं, कधी नाही. शाळेतल्या मऊ खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. चाकू, पॉलिश पेपर नको. धुऊन वाळवलेल्या पँटच्या खिशातून निघालेलं कार्डही दोन दिवस कोरडं ठेवलं तर बऱ्याचदा चालतं. ओलं असताना वीज दिली की मात्र संपलं.

जत्रेतलं १ टीबी

सौंदत्तीची असो की चिंचलीची, जत्रेत आणि बाजारच्या दिवशी पथारीवर १ टीबीची कार्डं काही शे रुपयांत मिळतात. आत प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीचीच मेमरी असते. कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे आतला कारभार बघणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं, म्हणून फोन आणि कॉम्प्युटर दोघेही १ टीबी दाखवतात. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर नवा माल कुठेच जात नाही किंवा जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो. लक्षण ओळखीचं आहे: सुरुवातीचे फोटो उघडतात, नंतरचे अर्धे करडे दिसतात, नावं आहेत पण गाणी वाजत नाहीत.

तपासायचं तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लावून झोपा. खोटं निघालं तर ते फॉरमॅटने खरं होत नाही. नवीन कार्ड कुठूनही घेतलं, ऑनलाइन घेतलं तरी, परत देण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करून टाका.

फोनमधून काढलं की कोरं दिसतं

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ नंतर, काही फोन कार्ड घातल्यावर विचारतात: 'पोर्टेबल' की 'इंटरनल'? इंटरनल निवडलं की फोन कार्डाला कुलूप घालतो, म्हणजे आतलं सगळं एन्क्रिप्ट करतो, आणि किल्ली त्याच फोनमध्ये राहते. असं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर कोरं दिसणारच. फोन चालू असेल तर कार्ड परत त्यातच घाला आणि तिथून माल बाहेर काढा. फोन मेला असेल तर आधी तो जिवंत करायला बघा, कार्डावर कुठलाही रिकव्हरी प्रोग्राम चालवून उपयोग नाही.

फॉरमॅट मारलं तरी जुनी गाणी परत येतात

हा प्रकार बघून लोक चक्रावतात. फॉरमॅट झालं म्हणून सांगतं, कार्ड काढून परत घातलं की सगळी गाणी जागच्या जागी. इथे मात्र कार्डच गेलं. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. ती ताकद संपली किंवा आत बिघाड झाला की कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो. एका अर्थी उपकारच आहे, आतलं सगळं कॉपी करून घ्या आणि कार्ड मोडून टाका. खासगी फोटो असतील तर तसंच कचऱ्यात टाकू नका, कारण ते पुसलं जाणार नाही.

गाडीतल्या डॅशकॅमचं आणि शेतातल्या, गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं कार्ड असं लवकर जातं, कारण तिथे चोवीस तास लिहिणं चालू असतं. त्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' छापलेली कार्डं वेगळी मिळतात, थोडी महाग असतात, तीच घ्यावीत. साधं कार्ड घालून वॉरंटीवर भिस्त ठेवणार असाल तर पाकिटावरच्या बारीक अटी आधी वाचा. बऱ्याच कंपन्या अशा अखंड रेकॉर्डिंगच्या वापराला वॉरंटी देत नाहीत.